खालच्यांना ऐकू येतं

घर दाखवताना एजंटाने तीन वेळा सांगितलं, "एरिया एकदम शांत आहे, सर." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्हाला आनंद झाला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मेघाने विचारलं, "शांततेचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे?" तिसऱ्यांदा त्याने ते कुजबुजत सांगितलं. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

त्याआधी चार वर्षं आम्ही पुण्यातच हडपसरला, सोलापूर रस्त्याला लागून राहत होतो. खाली वडापावची गाडी, समोर टायरचं दुकान आणि रात्रभर ट्रक. त्या घरात आम्ही नवराबायको भांडलो तरी एकमेकांचं ऐकू येत नसे. संसार सुखाचा होता. पण चिरंजीव पहिलीत गेले, मेघाची बदली स्वारगेटच्या बाजूला झाली आणि आम्ही सहकारनगरात आलो. तळजई टेकडीच्या पायथ्याची जुन्या बंगल्यांची गल्ली. प्रत्येक फाटकापाशी एक आंबा, प्रत्येक आंब्याखाली झाकलेली एक स्कूटर. दुपारी वाळकं पान पडलं तरी गल्लीतलं कुत्रं मान उचलून बघतं.

मालक खाली, आम्ही वर. म्हणजे आम्ही त्यांच्या डोक्यावर बसलोय, आणि काकांचंही हेच म्हणणं आहे.

करार त्यांच्याच बैठकीत झाला. हल्ली निबंधकाच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. एक पोरगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. माझा आणि मेघाचा अंगठा लागला, काकांचा लागेना. आयुष्यभर सरकारी कागदांची पानं उलटून त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या होत्या. बोट धुतलं, पुसलं, काकूंनी त्याला खोबरेल लावलं, मग ते पुन्हा पुसलं. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवून नाही म्हणायचं. स्वतःच्याच घरात काकांची ओळख पटत नव्हती. शेवटी डाव्या हाताच्या तर्जनीवर तडजोड झाली.

तेवढ्या वेळात मी विचारलं, "काका, अकराच महिने का हो?"

हा प्रश्न कोणी तरी विचारावा म्हणून काका बहुधा निवृत्तीपासून थांबले होते. ते म्हणाले, १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी एक महिना कमी करून अकराची पळवाट काढली. पुढे महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो असं ठरलं. म्हणजे आता अकराला काही अर्थ उरलेला नाही. पण मांजर मेलं तरी त्याच्या वेळची दूध झाकायची सवय राहते, तसा अकरा राहिला. नोंदणी केली नाही तर कलम ५५ प्रमाणे अटींच्या बाबतीत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगताना काकांनी ती तर्जनी यंत्रावर आणखी एकदा दाबली. त्या पोराने विचारलंही नव्हतं.

"आणि एक लक्षात ठेवा," काका म्हणाले, "लिव्ह अँड लायसन्स म्हणजे तुम्ही भाडेकरूसुद्धा नव्हे. तुम्हाला फक्त राहायची परवानगी आहे."

माणसाला एवढं हलकं कधी वाटलं नसेल. मी अलगद जिना चढून वर गेलो, तरी पाचव्या पायरीवर खालून आवाज आला, "चपला जरा हळू!"

पहिली तक्रार खुर्चीची. आमच्या जेवणाच्या चार खुर्च्या, लोखंडी पायांच्या. हडपसरला त्यांना आवाज असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्याच सकाळी काकू दारात. "काल रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी काय सरकवलंत?" आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. ती जास्त लागते. मेघाने चिरंजीवांचे जुने मोजे काढून खुर्च्यांच्या पायात घातले. चार खुर्च्या, सोळा पाय, आठ जोड. आठवडाभर आमच्या घरात खुर्च्या मोजे घालून बसल्या आणि पोरगा अनवाणी शाळेत जायची वेळ आली. मग कोणी तरी टेनिसच्या चेंडूची युक्ती सांगितली. चेंडूला चाकूने चीर पाडायची आणि पाय त्यात खुपसायचा. युक्ती नामी आहे, फक्त खुर्ची दोन बोटं उंच होते आणि बसल्यावर किंचित डुलते. आमच्याकडे येणारे पाहुणे हल्ली जपून जेवतात.

दुसरी तक्रार भाकरीची. आम्ही मूळचे बार्शीचे. पोळी आमच्याकडे सणाला. रोज संध्याकाळी साडेसातला मेघा परातीत ज्वारीचं पीठ मळते आणि भाकरी थापते. आता ज्यांनी भाकरी थापलेली ऐकली आहे त्यांना सांगायला नको. आधी पिठाचा गोळा हाताच्या टाचेने रगडतात, त्याचा काही आवाज नाही. मग परातीत कोरडं पीठ पसरायचं, गोळा ठेवायचा आणि तळव्याने थाप थाप थाप, दर थापेला भाकरी थोडी थोडी फिरते. परात पितळेची, ओटा दगडी, ओट्याखाली काकूंचं देवघर. काकूंची आरती नेमकी साडेसातला. पहिले चार दिवस त्यांना वाटलं, कोणी तरी वरून साथ देतंय. पाचव्या दिवशी त्या वर आल्या, परातीकडे बघितलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "पोळ्या का नाही करत तुम्ही? पोळी किती शांत असते!"

त्या दिवसापासून परातीखाली दुहेरी घडीचं पोतं आहे. शेंगाची चटणी मात्र पोत्यावर होत नाही. तिला उखळ लागतं. मिक्सरात शेंगदाण्याची पूड होते. कुटल्यावर तेल सुटून जो गोळा होतो ती चटणी. म्हणून आम्ही मुहूर्त शोधला. दर गुरुवारी दुपारी काका-काकू पद्मावतीला भाच्याकडे जातात. ते फाटकाबाहेर पडले की पोरगा गॅलरीतून अंगठा वर करतो आणि मेघा उखळ बाहेर काढते. एका चटणीसाठी टेहळणी ठेवणारं आमचं एकच घर असेल, असं मला वाटायचं. पण एका गुरुवारी त्याच वेळी पलीकडच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावरून हातोड्याचे घाईघाईचे ठोके आले. तेही भाड्याने राहतात. त्यांना बहुतेक कॅलेंडर लावायचं होतं.

आता यातला खरा चमत्कार सांगतो. काकांना कमी ऐकू येतं. दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. समोर उभं राहून "काका, नळ गळतोय" म्हटलं तर ते म्हणतात, "हो, यंदा गरम होतंय." गेल्या डिसेंबरातही हेच म्हणाले. त्याच काकांना रात्री दोनला वर कोण उठलं, किती पावलं चाललं आणि मोरीचा दिवा किती वेळ होता, हे सगळं ऐकू येतं. हो, दिवासुद्धा. बटणाचा खटका होतो ना!

उलट खालून जे वर येतं, त्याबद्दल कराराच्या चौदा कलमांत एक अवाक्षर नाही. पहाटे साडेचारला काका घसा साफ करतात, तो थेट पर्वतीपर्यंत साफ होत असावा. सहाला बातम्या, त्याही तीन वाहिन्यांवरच्या आलटूनपालटून. मग पाण्याची मोटर. पर्वतीचं जलकेंद्र एवढं हाकेच्या अंतरावर, तरी पाणी टाकीत चढवायला मोटर लागतेच, आणि ती आमच्या उशीच्या बरोबर मागे आहे. गुरुवारी शहराचं पाणी बंद असलं की बुधवारी रात्री ती जास्तीची ओव्हरटाइम करते. पण याला कोणी आवाज म्हणत नाही. मालकाचा आवाज हा आवाज नसतो, तो परिसर असतो.

आम्ही शिकलो. शिंक उशीत, खोकला टॉवेलात. पोरगा घरात पोहल्यासारखा चालतो. भांडण असेल तर तळजईवर जातो. चढताना धाप लागते, त्यामुळे वर पोचेपर्यंत अर्धे मुद्दे गळून पडतात आणि उरलेले मोकळ्यावर सोडता येतात. संध्याकाळी तिथे बरीच जोडपी दबक्या पावलांनी चढताना आणि मोकळ्या गळ्याने उतरताना दिसतात. त्यातल्या कोणाचं स्वतःचं घर असेल असं वाटत नाही.

अशा सगळ्या साधनेवर पाणी फिरवायला दिवाळीनंतर अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एस.टी.त कंडक्टर होते. चौतीस वर्षं भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत "पुढं सरका" पोचवलेला तो गळा. मोबाईल हे यंत्र असून त्यात हळू बोललं तरी चालतं, हे त्यांना पटलेलं नाही. बार्शीशी बोलायचं तर ते बार्शीपर्यंत बोलतात. आल्या दिवशी रात्री साडेनऊला ते गॅलरीत उभे राहून माझ्या बहिणीला म्हणाले, "पोचलो ऽऽ!" गल्लीतल्या तीन घरांचे दिवे लागले.

मी रात्रभर कराराचा कागद उघडून नोटीशीचं कलम वाचत बसलो. सकाळी काका स्वतः जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नाहीत. मी माफीचं वाक्य तयार ठेवलं होतं. पण काका थेट अण्णांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "तुम्ही काल बोललात ते मला सगळं ऐकू आलं. स्पष्ट! हल्ली लोक पुटपुटतात हो. हे तुमचे चिरंजीव तर काय बोलतात, मला कळतच नाही."

झालं. रोज सकाळी नऊ ते अकरा बैठक. गेल्या कित्येक वर्षांत आपल्याशी कोणी नीट बोललंच नाही, असं काकांना वाटायला लागलं. त्यात एक दिवस पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचा विषय निघाला. १२ जुलै १९६१. काका तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांचं बिऱ्हाड नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्या, भाड्याच्या. वाड्याचा मालक फार खाष्ट. वरच्या मजल्यावर पाटा सरकवला तरी खालून काठीने तक्तपोशी ठोकायचा. काकांची आई त्या पाट्याखाली गोधडी घालायची. पुराने तो पाटा, ती गोधडी आणि वाड्याची पुढची भिंत सगळंच नेलं. मग सरकारने पूरग्रस्तांना वसवलं. सोसायट्या झाल्या, त्यांना जमिनी मिळाल्या, त्यावर घरं उभी राहिली. हे त्यातलंच एक.

"जागा मालकीची दिली का?" अण्णांनी विचारलं. जुना कंडक्टर, तिकीट बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

"तशी नव्हे. भाडेपट्ट्याने. मालकीहक्क करून मिळावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. बशीवर ठेवला तरी आवाज झाला.

"म्हंजी तुमीबी भाड्यानंच की वो!"

अण्णांच्या हिशेबाने हे ते हळूच म्हणाले होते. पण समोरच्या बंगल्यातल्या आजी फुलं तोडता तोडता थांबल्या. पलीकडच्या वरच्या मजल्याची, त्या कॅलेंडरवाल्यांची, खिडकी उघडली. कुत्र्याने मान उचलली. मी डोळे मिटून घेतले. काका बराच वेळ गप्प होते, आणि मग इतके हसले, इतके हसले की काकू खालून ओरडल्या, "अहो, काय चाललंय वर? खाली ऐकू येतंय!"

अण्णा गेले, त्यानंतर करार पुन्हा झाला. अकरा महिने, पाच टक्के वाढ, काकांची तीच तर्जनी. तक्रारी चालू आहेत. हसण्याची सूट मिळालीय असं नाही.

गेल्या महिन्यात काका-काकू मुलीकडे नागपूरला गेले. तीन आठवडे खाली कोणी नाही! आम्ही बेत केले. उखळ बाहेर काढलं, खुर्च्यांचे चेंडू उतरवले, पोराला उड्या मारायची परवानगी दिली. तो मधोमध उभा राहिला, एक उडी मारली आणि अपराध्यासारखा जमिनीकडे बघत बसला. मेघाने चटणी कुटली, पण उखळाखाली पोतं घालून. रात्री मी मुद्दाम खुर्ची ओढली. तो आवाज मलाच सहन झाला नाही. चेंडू परत चढवले.

आणि त्याच रात्री, पहाटेचे पाच असतील, डोक्यावर कोणी तरी चालायला लागलं. वर फक्त गच्ची. थप, थप, मग काहीतरी जड फरपटल्याचा आवाज, पुन्हा थप. बुटानेही एवढा आवाज होत नाही. मी दोनदा कूस बदलली. माझ्या डोक्यावर पहाटे पाच वाजता कोणी काहीतरी सरकवतंय आणि मी ऐकून घ्यायचं? तिरीमिरीने उठलो. चपला घातल्या नाहीत. जिना चढून गच्चीचं दार उघडलं.

टाकीशेजारी मोर उभा होता. तळजईवरून आलेला, भलामोठा, मागे तो पिसारा फरपटत. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मलाच इथे राहायची परवानगी आहे आणि जागा त्याची आहे. मग मान वर करून त्याने ओरडायला चोच उघडली.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजलो, "अहो, हळू! खालच्यांना ऐकू येतं."