थांबवणारा कोण होता, ते तरी बघा

‘इंग्रजांकडून एवढं तरी शिका’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. म्हणणं असं की, परदेशी विनोदी मालिका लोकांना हव्याहव्याशा वाटत असतानाच संपतात, कारण तिथल्या लेखकांना संयम असतो. आपले लेखक मात्र पैशांसाठी पाणी घालत बसतात. पुराव्याला ‘माइंड युअर लँग्वेज’, ‘फॉल्टी टॉवर्स’ आणि अमेरिकेतली ‘साइनफेल्ड’. माझी मावसबहीण एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. आमच्या काकांनी हा मजकूर घरच्या ग्रुपवर मुद्दाम तिचं नाव घालून टाकला, खाली हात जोडल्याचं चिन्ह. ती गप्प बसली. मला ते जमत नाही.

‘माइंड युअर लँग्वेज’, म्हणजे लंडनमध्ये इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी माणसांच्या वर्गाची मालिका, आधी घेतो, कारण तिथे चक्क थाप आहे. ‘शिखरावर असताना निर्मात्यांनी स्वतःहून बंद केली’ म्हणे! लंडन वीकेंड टेलिव्हिजननं १९७७ ते १९७९ या काळात तिचे २९ भाग केले. लोक आवडीनं बघत होते, हे खरं. पण ती बंद केली कंपनीचे कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांनी. परदेशी माणसांची त्यात ज्या साच्यातून थट्टा होते, ती त्यांना आक्षेपार्ह वाटली. जमीला वर्गात विणत बसलेली, रणजीत सिंग ऊठसूट ‘थाउजंड अपॉलॉजीज’ म्हणणार, अली नादिमशी त्याची सतत जुंपलेली. आपणही त्यावर पोट धरून हसलो. १९९३ मध्ये त्याच बेतावर पंकज कपूरना घेऊन ‘जबान सँभाल के’सुद्धा आली. पण लंडनमध्ये ज्यांच्यावर हसणं चाललं होतं, त्यांत आपलेही लोक होते. तिथल्या एका अधिकाऱ्याला ते खटकलं आणि त्यानं चालती मालिका बंद केली. हा सगळा भाग खोडून तिथे निर्मात्यांचा त्याग लिहायचा आणि वर आपल्यालाच संयम शिकवायचा, याला काय म्हणावं? बरं, त्यागी मंडळींची मालिका १९८६ मध्ये १३ नवे भाग घेऊन परत आली होती. मजकुरात त्याचा उल्लेख नाही.

‘फॉल्टी टॉवर्स’ बारा भागांवरच थांबवली, हे म्हणणं अर्धं बरोबर आहे, तेवढं देऊन टाकतो. भाग खरंच १२ : सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी तिसरं पर्व केलं नाही, आणि २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर सर्वोत्तम ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांच्या यादीत हीच पहिली आली. पण बारा भाग कशामुळे, तेही बघा. दोघं मिळून सगळं लिहायचे, एकेका भागावर आठवडेच्या आठवडे घालवायचे. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत चार वर्षांचं अंतर. त्यादरम्यान, १९७८ मध्ये, त्यांचा घटस्फोटही झाला. बीबीसी परवाना शुल्कावर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या पैशांवर चालते, जाहिरातींवर नाही, त्यामुळे वाट बघणं तिला परवडलं. माझ्या बहिणीला चार वर्षं द्या, मग बोलू. आणि थांबण्याचं एवढं कौतुक ज्यांचं चाललंय, त्या क्लीजनी २०२३ मध्ये मुलीसोबत ही मालिका पुन्हा आणायची घोषणा केली.

‘इंग्रज ताणतच नाहीत’ या वाक्याला एक नाव पुरे : ‘लास्ट ऑफ द समर वाइन’. यॉर्कशरमधल्या तीन म्हाताऱ्यांचे उद्योग, १९७३ ते २०१०, २९५ भाग, सगळे एकट्या रॉय क्लार्कनी लिहिलेले. तीही बीबीसीचीच. मधल्या काळात मुख्य नट मरत गेले, नवे आले, मालिका चालूच.

‘साइनफेल्ड’ला माझी हरकत नाही. प्रत्येक भागामागे ५० लाख डॉलर देऊ केले असताना मुख्य नट जेरी साइनफेल्डनं दहावं पर्व नाकारल्याचं सांगतात, आणि १९९८ मध्ये त्यानं स्वतःच ती संपवली. फक्त तोवर १८० भाग झाले होते आणि मालिकेवर त्याचंच नाव होतं. नाही म्हणायला तो मोकळा होता.

आणि ‘मराठी लेखकांनो, कुठे थांबायचं ते शिका’ हे शेवटचं वाक्य. रोज संध्याकाळी एक भाग हवा, मधल्या जाहिरातींवर सगळा खर्च निघायला हवा, टीआरपी उतरला की वेळ बदलणार, चढला की आणखी भाग मागणार. यात लेखकाला विचारतो कोण? बहिणीची आधीची मालिका संपतेय हे तिला सेटवरच्या मेकअपवाल्याकडून कळलं. वाहिनीचा निरोप नंतर आला. त्याआधी कथा गुंडाळायला सुचवलं होतं तिनंच, तेव्हा ‘अजून सहा महिने ओढा’ असं उत्तर मिळालं होतं. काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘ते असेल रे, पण त्या सासूचं अपहरण कशाला दाखवलं?’ हा प्रश्न मात्र मी बहिणीकडे पाठवला आहे.