शंभर दिवस घाम गाळा, मग तुम्ही गरीब नाही

वर्षाला २१,००० रुपये. म्हाताऱ्या माणसांना महिन्याला १,५०० रुपये पेन्शन देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत बसायचं तर कुटुंबाचं उत्पन्न याच्या आत पाहिजे. महिन्याला झाले १,७५०. एवढ्यात अख्खं घर चालवणारं माणूस ज्या साहेबांनी पाहिलं असेल त्यांनी मला पत्ता द्यावा, मी जाऊन त्याच्या पाया पडते.

सरकारच्याच आकड्यांनी हिशेब करू. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये आणि हमी शंभर दिवसांची. शंभर दिवस माती उपसली की झाले २९,७००. म्हणजे सरकारने दिलेलं काम पुरं केलं की सरकारच्याच लेखी तुम्ही खाऊनपिऊन सुखी! मग होतं काय, तर जो तो २१ हजारांच्या आतला दाखला काढतो. देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही. आणि तो कागद एकदा हातात आला की आवाज बंद. रांगेत माझ्यापुढच्या बाईने पैसे का थकले एवढंच विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, जास्त बोलू नका, दाखल्यावर काय लिहिलंय ठाऊक आहे ना?" आधी खोटं बोलायला लावायचं, मग त्याच खोट्याचा धाक दाखवायचा.

दुसरीकडे २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण आली. रक्कम तीच, १,५००. उत्पन्नाची अट मात्र अडीच लाख! बहिणींना मिळाले, चांगलं झालं, कुणाच्या ताटातलं मला काढायचं नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला २१ हजार आणि बाकीच्यांना अडीच लाख, हे कुठल्या डोक्यातून निघालं? मतदानाला कोण चालत जाऊ शकतं, यावरून ठरवलं की काय?

आणि केंद्राचं तर विचारूच नका. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाच्या पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा महिन्याला २०० रुपये. २००७ पासून तोच. तेव्हाचा गॅस आठवतोय का कुणाला?

आता माझ्यासारख्यांचं. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून त्या पलंगावर. कूस बदलणं, पुसून काढणं, डायपर, भरवणं, रात्री दोनदा उठणं. शाळेत पोषण आहार शिजवायचं काम होतं ते सोडलं, कारण घरी थांबणार कोण? ते गेलेले पैसे कुठल्याच रकान्यात येत नाहीत. अर्जात माझ्यापुढे काय लिहितात? 'गृहिणी'. झालं.

योजनेला नाव मात्र श्रावणबाळाचं. अहो, कावड खांद्यावर घेतली ती त्यानेच ना? मग कावडीत बसलेल्यांचे पैसे ठरले, वाहणाऱ्याचा विचार कुणी केला?

कायद्याला आम्ही दिसत नाही असंही नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो, सांभाळायला असलेल्या म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरोबरच आहे, टाकणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण जी टाकत नाही तिला? शून्य. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता निदान लिहिलेला तरी आहे, कलम २४ मध्ये. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाने सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवलेत. ६०० म्हणजे काही फार नाही, पण तिथे कुणीतरी मान्य केलं की हे काम आहे. आमच्याकडे भाषणात 'माऊली' म्हणतात.

वर दरवर्षी हयातीचा दाखला. "आजींना घेऊन या, समोर दिसल्या पाहिजेत." अंगठा लावला तर मशीन घेत नाही, घासलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. उमटले तर सर्व्हर डाऊन. घरी येऊन बघा म्हटलं, तर "माणूस नाही." फोटो दाखवला, तर "फोटो चालत नाही." मोडलेल्या हाडाची बाई दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत, लिफ्ट नसताना, आणायची कशी? विचारलं तर म्हणे, "घरात पुरुषमाणसं आहेत ना?" आहेत, साहेब. ती मजुरीला गेलीत, तुमचा २१ हजारांचा आकडा ओलांडायला.