'साहेब फिरतीवर आहेत', आणि तेही लॅमिनेट करून!

परवा शुक्रवारी तलाठी कार्यालयाच्या कडीला लटकलेली पाटी बघितली आणि डोकंच फिरलं. 'साहेब फिरतीवर आहेत.' आजवर हे वहीच्या फाटक्या कागदावर बॉलपेनने लिहिलेलं असायचं, ते एक वेळ चालून जायचं. आता लॅमिनेट केलंय! वर भोक पाडून सुतळी ओवलीय, म्हणजे पावसाळ्याचीही सोय झाली. तारीख नाही, कुठल्या गावाला गेलेत ते नाही, परत कधी येणार तेही नाही. रोज लागणार हे माहीत असल्याशिवाय लॅमिनेशनला कोण पैसे घालतं हो? कुठे, कशाला, किती वाजता गेलो हे लिहायला हालचाल नोंदवही असते. ती कुठे? कुलपाच्या आत. घ्या!

बरं, पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. कुलूप जुनंच.

वारस नोंदीचं काम कागदावर किती साधं आहे! मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या नावांसह अर्ज द्यायचा. सहा-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत नोंद, मंडळ अधिकाऱ्यांची चौकशी, मग फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, संबंधितांना नमुना नऊची नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, हरकत नसेल तर मंजुरी आणि सातबारावर नाव. पण पंधरा दिवस मोजायला आधी नोटीस निघावी लागते, नोटीस निघायला फेरफार धरावा लागतो, आणि फेरफार धरायला अर्ज 'आला' पाहिजे. गोम इथेच आहे. अर्ज टेबलावर ठेवून घेतात, पोच देत नाहीत. 'राहू द्या, मी बघतो.' शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, म्हणजे अर्ज आलाच नाही. जे आलंच नाही त्याला उशीर कसला?

म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. तरीही त्रुटी निघतेच, आणि एका वेळी एकच. आज आधार, पुढच्या खेपेला रेशनकार्ड, त्याच्या पुढच्या खेपेला 'अहो, हे प्रतिज्ञापत्र जुनं झालं'. सगळ्या त्रुटी एकदाच लिहून दिल्या तर बोटं झडतात का?

आणि संगणकावर चढवताना यांनीच 'पाटील'चं 'पाटिल' केलं, तर दुरुस्तीसाठी कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज आपण करायचा. चूक यांची, झेरॉक्स आपल्या!

कायदा नाही असंही नाही. बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा 2005 चा कायदा सांगतो की साधी फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, तातडीची असेल तर चार. त्यातला बदल्यांचा भाग प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ, विलंबाचं पान मात्र कुणाच्याच प्रतीत छापलेलं नसावं. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, वेळेत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड 500 ते 5000 रुपये. पण अपिलाची मुदतही पोचेवरच्या तारखेला बांधलेली. फिरून पुन्हा पोच!

भिंतीवर मात्र बोर्ड ठसठशीत: 'सरकारी कामात अडथळा आणल्यास भा.दं.वि. 353'. तो भा.दं.वि., म्हणजे भारतीय दंड विधान, 1 जुलै 2024 ला गेला, आता भारतीय न्याय संहितेचं 132 आहे. दमदाटीचा बोर्डसुद्धा अद्ययावत ठेवणं होत नाही यांच्याच्याने. शिवाय अडथळा आणायला आधी काम सुरू असावं लागतं ना?

आता खरं सांगायचं तर एवढी कलमं घोकलेला माणूससुद्धा साहेब एकदाचे समोर दिसले की म्हणतो काय? 'नमस्कार साहेब, चहा सांगू का?' पाठीचा कणा त्याच कडीला टांगून आत जायचं.

उद्या सोमवार, तहसीलला मीटिंग. मंगळवारी या म्हणतील. सुतळी मजबूत आहे.