होलिफिल्डचं सोडा, लेविसचं बोला

मुष्टियोद्धा माइक टायसन इव्हँडर होलिफिल्डशी लढणं टाळत होता, हे टायसनवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. 8 नोव्हेंबर 1991 ला दोघांची लढत ठरलेली होती. सरावात टायसनच्या बरगडीला दुखापत झाली म्हणून ती पुढे ढकलली, आणि 1992 च्या फेब्रुवारीत तो बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरला आणि मार्चमध्ये तुरुंगात गेला. याला पळ काढणं कसं म्हणायचं? सुटून आल्यावर 1996 मध्ये तो होलिफिल्डसमोर उभा राहिलाच, अकराव्या फेरीपर्यंत मार खाऊन हरला.

आरोप करायचाच असेल तर लेनक्स लेविसबद्दल करा, आणि नेमकं तेच लेखात नाही. मार्च 1996 मध्ये फ्रँक ब्रूनोला हरवून टायसनने डब्ल्यूबीसी या मुष्टियुद्ध संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवला. पुढचा हक्काचा आव्हानवीर होता लेविस. त्याला 40 लाख डॉलर देऊन बाजूला थांबवलं, टायसन ब्रूस सेल्डनशी खेळला आणि डब्ल्यूबीसीचा पट्टाही सोडून दिला. सेल्डनची ती लढत मी कितीदा तरी पाहिलीय. ठोसा डोक्याला जेमतेम घासून जातो आणि सेल्डन खाली! दोन मिनिटंही झाली नव्हती. प्रेक्षक ‘फिक्स, फिक्स’ ओरडत होते. लेविसशी गाठ पडली ती थेट जून 2002 मध्ये, तोवर टायसन पस्तिशीत पोचून पार ओसरला होता. आठव्या फेरीत आडवा झाला. हा निर्णय एकट्या टायसनचा होता असं मला वाटत नाही. त्याच्या लढती भरवणाऱ्या डॉन किंगचा हिशेब त्यात मोठा होता. पण लेविसला सहा वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती.