हरला तो उठला: आर्केडमधला फायटिंग गेम घरी का जमत नाही

स्ट्रीट फायटर २ आज कुठेही चालतो. फोनवर, लॅपटॉपवर, टीव्हीला जोडायच्या डब्यावर. १९९१ चाच गेम, निवडायला तेच आठ जण, शेवटी तेच चार बॉस. तरी दहा मिनिटांत माणूस कंट्रोलर खाली ठेवतो आणि म्हणतो, "तेव्हाची मजा वेगळीच होती, आता वय झालं." हे वयाचं कारण मला अजिबात पटत नाही. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या दुकानात, जे होतं त्यातला फक्त प्रोग्राम घरी आला. दांडी, काचेचा पडदा, खांद्याला खांदा लावून उभा असलेला प्रतिस्पर्धी आणि "हरला तो उठला" हा नियम, हे सगळं तिथेच राहिलं. यातलं बरंचसं परत आणता येतं, पण नक्की काय हरवलंय ते आधी नीट कळायला हवं.

नियमापासून सुरुवात करू, कारण त्याला खर्च शून्य. आधीच्या बहुतेक गेममध्ये एक नाणं टाकायचं आणि मशीनशी जमेल तेवढा वेळ टिकायचं. फायटिंग गेमने हे उलटं केलं. एक जण कॉम्प्युटरशी खेळतोय, दुसऱ्याने नाणं टाकून स्टार्ट दाबलं की चालू मॅच तिथेच थांबते आणि पडद्यावर नवा आव्हानवीर आल्याची पाटी येते. जिंकणारा फुकट खेळत राहतो, हरणाऱ्याने परत खेळायचं तर परत नाणं. त्यामुळे सरावाला किंमत होती. किंमत होती म्हणून लोक हात चालवण्याआधी डोळ्यांनी शिकायचे. मशीनमागे उभं राहून पडद्याकडे कमी आणि खेळणाऱ्याच्या डाव्या हाताकडे जास्त बघायचे. घरी अमर्याद क्रेडिट असतात. हरलं की लगेच रिमॅच, मग हरण्याला वजनच राहत नाही. दोघांपेक्षा जास्त जण जमले असतील तर "विजेता बसून राहील, हरलेला रांगेत शेवटी जाईल" एवढा एकच नियम लावून बघा, तासाभरात खेळाची जात बदलते. कमीत कमी तीन माणसं लागतात. दोघांत हे होत नाही.

आता दांडी. जॉयस्टिकच्या पोटात फक्त चार मायक्रोस्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. तिरप्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. शेजारचे दोन एकाच वेळी दाबले गेले की मशीन त्याला तिरपं समजतं. हदोकेन, म्हणजे आगीचा गोळा फेकायची मूव्ह: खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. यातलं मधलं तिरपं सुटलं की हदोकेन गेला. दांडी झिजलेली असेल, आतली स्विच दाबणारी प्लास्टिकची नळी घासली असेल, तर दोन स्विच एकत्र लागायची जागा इतकी अरुंद होते की हात बरोबर फिरूनही मूव्ह निघत नाही. "या मशीनवर डाव्या बाजूने हदोकेन लागत नाही" ही प्रत्येक आर्केडमधली तक्रार बहाणा नव्हती. बहुतेक वेळा एकाच बाजूची दांडी मेलेली असायची, कारण एकटा खेळणारा सवयीने पहिल्या खेळाडूच्या जागेवरच उभा राहतो.

दांडीच्या तळाशी गेट असतं, म्हणजे दांडी कुठवर आणि कशी फिरेल ते ठरवणारी चौकट. जपानी पद्धतीच्या दांड्यांना, उदाहरणार्थ सान्वा जेएलएफला, चौकोनी गेट येतं. चार कोपरे म्हणजे चार तिरप्या दिशा, डोळे मिटूनही कोपऱ्यात दांडी बसवता येते. हेच गेट ४५ अंश फिरवून बसवलं की तिरप्या दिशा बंद होतात आणि दांडी फक्त चार दिशांची उरते. जुन्या भूलभुलैया छापाच्या गेमसाठी ते बरोबर, फायटिंगसाठी मरण. दुसऱ्या गेममधून बदललेल्या मशीनवर एकही स्पेशल मूव्ह निघत नसेल तर पहिली शंका हीच घ्यायची. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना खाच लागते, गोल फिरवणं सोपं जातं. माझं मत विचाराल तर गाईल खेळणाऱ्याने चौकोनी घ्यावं, झँगिफ खेळणाऱ्याने अष्टकोनी (ही गेममधली दोन पात्रं), आणि बाकीच्यांनी हातात असेल त्यावर महिनाभर खेळावं. गेट बदलून कौशल्य येत नाही.

मूव्ह का फसतात याचं उत्तर बहुतेकांना कधी मिळालंच नाही, म्हणून थोडं सविस्तर. हदोकेनऐवजी खाली बसून ठोसा निघाला, तर बटण लवकर दाबलं गेलं. दांडी पुढे पोचायच्या आत. उडी बसली, तर हात पुढे न थांबता वर-पुढे गेला. पुढे चालता चालता हदोकेन टाकायला गेलात आणि शोर्युकेन (उडी घेत वर मारायचा ठोसा) निघाला, तर ती मशीनची चूक नाही. शोर्युकेन म्हणजे पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच. तुम्ही आधीच पुढे दाबून धरलं होतं, पुढचं वळण घेताना तो क्रम आपोआप पूर्ण झाला. गाईलचा सॉनिक बूम म्हणजे साधारण सेकंदभर मागे धरून मग पुढे आणि पंच. नवखा माणूस मागे सरकत चार्ज करतो आणि कोपऱ्यात जाऊन अडकतो. मुरलेला खाली-मागे कोपऱ्यात दांडी धरून बसतो. तिथे फ्लॅश किक (खाली धरून मग वर आणि किक) आणि सॉनिक बूम दोन्ही एकदम चार्ज होतात, शिवाय ब्लॉकही मिळतो. मधल्या वेळात खालून लाथा मारल्या तरी चार्ज तुटत नाही, दांडी तेवढी सुटता कामा नये.

झँगिफची पकड लागायला दांडी पूर्ण वर्तुळात फिरवावी लागते, ती तर दंतकथाच झाली होती. वर्तुळात वरची दिशा येते आणि वर म्हणजे उडी, मग उभ्या उभ्या फिरवायचं कसं? खरा उपाय असा की वर्तुळ दुसऱ्या कशाच्या तरी आडून फिरवायचं. हलका ठोसा मारताना किंवा उडीतून खाली येताना पात्र उडी घेऊच शकत नाही. तेवढ्यात दांडी फिरवून घ्यायची आणि मोकळं होताच पंच. याशिवाय उडीच्या अगदी सुरुवातीला पाय जमिनीवर असण्याच्या दोनचार फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) असतात, तेवढ्यात बटण लागलं तरी पकड बसते. ज्यांना हे उभ्या उभ्या जमायचं ते याच फटीत शिरत होते.

अजून एक. या गेममध्ये बटण दाबणं जसं मोजलं जातं तसं सोडणंही मोजलं जातं. पंच दाबून धरला, वळण घेतलं आणि बोट उचललं, तरी हदोकेन निघतो. "मी काही दाबलंच नाही आणि आपोआप निघाला" याचा उलगडा इथे आहे.

बटणं सहा: वरच्या रांगेत हलका, मध्यम, जोरदार पंच, खालच्या रांगेत त्याच क्रमाने किक. आता गंमत बघा. आर्केडच्या वायरिंगचं जॅमा हे मानक १९८५ चं. ५६ पिनांचं एक लांब कनेक्टर, त्यात प्रत्येक खेळाडूला चार दिशा आणि तीन बटणं. सहा बटणांची सोयच नव्हती. म्हणून स्ट्रीट फायटर २ च्या बोर्डाला (गेम ज्यात असतो त्या सर्किटला) किकसाठी वेगळा वायरचा जुडगा लावावा लागायचा आणि मशीनच्या जुन्या बटणांच्या पॅनलला जादा भोकं पाडावी लागायची. "पंच चालतात, किक चालत नाहीत" हा तेव्हाचा ठरलेला रोग याच जुडग्याचा. निदान सोपं आहे. एकच बटण मेलं असेल तर त्याचा स्विच किंवा त्याची वायर. तिन्ही किक एकदम गेल्या तर जुडग्याचा कनेक्टर निसटलेला. एका ठिकाणापासून पुढची सगळी बटणं गप्प असतील तर ग्राउंडची वायर तुटली आहे, कारण ती एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने फिरवलेली असते. आणि गेम मध्येच आपोआप रीस्टार्ट होत असेल किंवा चित्र विस्कटत असेल तर बोर्डाला दोष देण्याआधी ५ व्होल्ट मोजा, तेही पॉवर सप्लायवर नाही तर बोर्डाच्या कनेक्टरवर. वाटेत व्होल्टेज पडतं. ४.७५ च्या खाली गेलं की हे प्रकार सुरू होतात.

एसएनके या दुसऱ्या कंपनीच्या निओ जिओ मशीनवर चार बटणं होती, टेकेनमध्येही चारच, पण तिथे प्रत्येक बटण म्हणजे एक हात किंवा एक पाय. मॉर्टल काँबॅटमध्ये पाच आणि ब्लॉकचं बटण वेगळं. मागे दांडी धरून ब्लॉक करायची सवय असलेला स्ट्रीट फायटरवाला तिथे पहिले चार दिवस नुसता मार खायचा.

पडद्याबद्दल लोक "जुन्या टीव्हीसारखा फिल्टर" लावून समाधान मानतात. दिसण्यापेक्षा उशीर महत्त्वाचा. जुना काचेचा मॉनिटर सिग्नल येईल तसा ओळीने रंगवत जातो, साठवून ठेवत नाही. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. आजचा टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ५० ते १०० मिलिसेकंद खाऊ शकतो, म्हणजे तीन ते सहा फ्रेम. माणसाला दिसून हात हलवायला आधीच दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. त्यात ही भर पडली की समोरच्याची उडी बघून शोर्युकेन मारणं हा अंदाजाचा खेळ होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, ब्लूटूथऐवजी वायरचा कंट्रोलर घ्या. वय झालं असं वाटण्यातला निम्मा भाग इथेच भरून निघतो.

आकारही तपासा. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या त्या बोर्डाचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, पण ते ४:३ पडद्यावर दाबून बसवलेलं असायचं. ठिपका चौकोनी धरून दाखवलं की र्‍यू हा लढवय्या सुमारे २९ टक्के जास्त रुंद दिसतो. पहिला मॉर्टल काँबॅट सेकंदाला साधारण ५४.७ फ्रेमने चालायचा. एम्युलेटरने (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) तो ६० च्या पडद्याशी जुळवून पळवला तर सगळा गेम दहा टक्के जास्त वेगात धावतो, आणि जुने टायमिंग पाठ असलेला माणूस "हात बसत नाहीये" म्हणून स्वतःला दोष देतो.

आठवणींमधली एक गोष्ट मात्र खोटी वाटते पण खरी आहे. हवेत हदोकेन, मॅच चालू असताना स्टार्ट दाबून खेळाडू बदलणं, एकाऐवजी पाच-सहा आगीचे गोळे. ही कॅपकॉमची आवृत्ती नव्हे. स्ट्रीट फायटर २ च्या १९९२ च्या चॅम्पियन एडिशनच्या चिपा बदलून केलेल्या बेकायदा आवृत्त्या होत्या, त्यातली रेनबो सगळ्यात गाजली. अधिकृत संग्रहात ती शोधत बसू नका. अशा आवृत्त्यांच्या धुमाकुळानंतर कॅपकॉमने त्याच वर्षाच्या शेवटी वेग वाढवलेला हायपर फायटिंग आणला. बेकायदा आवृत्ती दहा मिनिटं धमाल देते, पण तिच्यात कोणी चांगला खेळाडू झाला असेल असं मला वाटत नाही.

वाद पकडीचा. हलका ठोसा ब्लॉक करायला लावायचा आणि लगेच जवळून उचलून आपटायचं. पकडीला ब्लॉक नाही, त्यामुळे काही ठिकाणी हा रडीचा डाव ठरवून सरळ बंदी असायची. माझा बंदीला विरोध आहे. ठोशाचा ब्लॉक संपतो त्याच क्षणाला शोर्युकेन लावता येतो, किंवा आपणच आधी पकड घालता येते. अवघड आहे, पण उत्तर आहे. उत्तर असलेल्या गोष्टीवर बंदी घातली की गेम आळशी होतो. पहिल्या आवृत्तीतल्या गाईलने समोरच्याला स्वतःला चिकटवून गेम अडकवण्याच्या क्लृप्त्या मात्र वेगळ्या. तो प्रोग्रामचा दोष होता, तिथे बंदीच बरोबर.

घरी पॅनल बनवणार असाल तर माणशी एक दांडी, ३० मिलिमीटरची सहा बटणं, २४ ची एक स्टार्टसाठी आणि एक यूएसबी एन्कोडर (दांडी आणि बटणं कॉम्प्युटरला जोडणारी पट्टी) एवढंच लागतं. जाड लाकडी फळी घेतलीत तर खटकन बसणारी बटणं नकोत, आट्यांची घ्या, आणि दांडीसाठी फळीला मागून खोबण काढा, नाहीतर दांडी वर पुरेशी येत नाही. पॅनल वजनदार हवं. हलकं खोकं झँगिफच्या पहिल्याच वर्तुळाला टेबलावरून सरकतं. जुना काचेचा मॉनिटर मिळाला तर तो स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो.

आणि दोन पॅनल समोरासमोर ठेवू नका, शेजारी ठेवा. जपानमध्ये पाठीला पाठ लावलेल्या मशीनची पद्धत रुजली, तिथे समोरच्याचा हात दिसत नाही. शेजारी उभं राहिलं की गाईलवाल्याची दांडी कोपऱ्यात बसलेली कडेने दिसते, झँगिफवाल्याचा खांदा हलायच्या आधी कळतो, आणि मुरलेले लोक मुद्दाम खोटा हात हलवून उडी मारायला लावतात. हा खेळ प्रोग्राममध्ये लिहिलेला नाही, ऑनलाइन तर तो मिळतच नाही. दोन दांड्यांमध्ये कोपर लागणार नाहीत एवढी जागा सोडा, पॅनल कोपरापेक्षा किंचित खाली येईल अशा उंचीवर ठेवा, आणि खुर्च्या बाजूला करा. उभ्यानेच खेळायचं.