टाचण झालं, तयारीचं काय?

परवाच्या रविवारी आमच्या शिक्षक संघटनेची तालुका बैठक होती. कोल्हापूरच्या बिंदू चौकापासून चालत पाच मिनिटांवर हॉल. वेळ अकराची, सुरुवात सव्वाबाराला, म्हणजे तशी वेळेतच. बदल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, निवडश्रेणी, वैद्यकीय बिलं, जुनी पेन्शन, पतसंस्थेचा लाभांश असं सगळं झालं. 'ऐनवेळचे विषय' आले तोवर मसालेभाताचा वास हॉलात शिरला होता आणि मागच्या चार रांगा उठल्या होत्या. मी हात वर केला. म्हटलं, शिक्षकाच्या तयारीच्या वेळेवर एक ठराव घेऊया.

व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ सरांनी माईक घेतला. "बाई, अठरा वर्सं झाली न्हवं शिकवताय? अजून तयारी लागतीया व्हय?"

हॉल हसला. मीही हसले. जिलेबी खाल्ली, दोन मैत्रिणींशी बदलीच्या याद्यांवर बोलले आणि निघाले. राग आला तो रंकाळ्यापाशी, गाडी सिग्नलला थांबल्यावर. सरांवर नाही. माणूस चांगला आहे, माझ्या शिक्षणसेवकाच्या दिवसांत, महिना तीन हजार मानधनावर असताना, त्यांनीच मला बहुवर्ग, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता, कसा सांभाळायचा ते शिकवलं. राग आला आपल्या हसण्याचा. ज्या खोलीत सगळेच शिक्षक होते त्या खोलीत 'तयारी' हा शब्द विनोद ठरला.

सरांना तेव्हा द्यायचं उत्तर आता देते. लागते तयारी. अठराव्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा जास्त लागते, कारण मूल कुठे अडतंय हे आता दिसायला लागलंय.

पाचवीचं गणित, दशांश अपूर्णांक. ०.२५ मोठा की ०.५ मोठा? वर्गातली एकोणीस पोरं, त्यातल्या पंधरा-सोळा जणांचं उत्तर ०.२५. का, तर पंचवीस पाचापेक्षा मोठे. ही चूक मी वर्षानुवर्षं फळ्यावर खोडत आले. 'शून्य लावा, अंक सारखे करा, मग बघा.' पोरं शून्य लावायची, बरोबर उत्तर लिहायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पंचवीस मोठे.

एका वर्षी संध्याकाळी गावातल्या दूध डेअरीवर थांबले. सचिवांकडून जुन्या पावत्यांचा गठ्ठा घेतला. लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. आमच्याकडं हे कागद पोरांच्या दप्तरातही सापडतात, कारण सकाळी दूध घालायला पोरंच जातात. घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांच्या जोड्या लावत बसले. दोन तास गेले, दुधाचे डाग पडलेले कागद वेगळे करायलाच अर्धा.

दुसऱ्या दिवशी एक जोडी दाखवली. एका पावतीवर ४.२५ लिटर, दुसरीवर ४.५०. मी ते शेवटचं शून्य अंगठ्यानं झाकलं. जास्त दूध कुणाचं? बहुतेक सगळे ओरडले, पंचवीसवालं. मागच्या बाकावरचा एकजण, जो गणिताच्या तासाला सहसा खिडकीतून शेताकडं बघत असतो, म्हणाला, "न्हाई बाई. त्ये सव्वाचार हाय आन् ह्ये साडेचार." वर्ग गप्प झाला. सव्वा आणि साडे त्या पोरांना पाळण्यात असल्यापासून माहीत होते. दशांश चिन्ह आणि सव्वा-साडे यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती, मीसुद्धा नाही. मग फॅट घेतले. ६.८ आणि ७.१. "आठ मोठा न्हवं?" म्हटलं तर हसायला लागली पोरं. सात फॅटला दर जास्त मिळतो हे डेअरीवर उभं राहिलेल्याला कोण शिकवणार!

पस्तीस मिनिटांचा तास. त्याच्यामागं दोन तास पावत्या, आणि त्याच्याही मागं पोरं नक्की कुठं घसरतात ते शोधायला आधीची सगळी वर्षं.

गेल्या वर्षी पुन्हा तोच घटक आला. पावत्या पिशवीत होत्या, जोड्या लावायच्या राहिल्या होत्या. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर निरोप: सोबतच्या तक्त्यात माहिती आज ३.०० पर्यंत सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे. ही माहिती आम्ही त्याच वर्षी दोनदा दिलेली होती, फक्त रकान्यांचा क्रम बदलला होता. त्या दिवशी तांदळाचं पोतं मोजायचं होतं, खिचडीची चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची होती, आणि एका पोराच्या आधारवरचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळत नाही म्हणून त्याचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, अडला होता, त्याच्या आईला फोन करायचा होता. ती ऊसतोडीच्या रानात, रेंज नाही. पहिली ते सातवीची शाळा, शिक्षक चार, माझ्याकडं पाचवी आणि निम्मी सहावी. सहावीला 'पान उघडा, गणितं सोडवा' सांगितलं. पाचवीला फळ्यावर नियम लिहून दिला. शून्य लावा, अंक सारखे करा. चाचणीत सगळ्यांना गुण पडले. त्यामुळं हे नुकसान कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही, निरंकच, म्हणजे 'काही नाही' असंच, कळवावं लागतं.

आता कायद्याचं सांगते, कारण बैठकीत कुणीतरी 'हे कशात बसतं?' असंही विचारलं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत बसतं. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. आणि त्याच्याच खाली, जी ओळ आपण कधी मोठ्यानं वाचत नाही: शिक्षकाचे कामाचे तास आठवड्याला किमान ४५, तयारीच्या तासांसह. तयारीच्या तासांसह! ८०० भागिले २००, रोज चार तास शिकवणं, सहा दिवसांचे २४. उरले २१. वरच्या वर्गांना साधारण १८. हे सगळे तयारीचे असं मी म्हणत नाही. वह्या तपासणं आहे, पालक आहेत, नोंदी आहेत. पण कायदा करणाऱ्याला तयारी हे काम वाटलं, पगारी कामाच्या तासात मोजायचं काम. आपल्या वेळापत्रकात मात्र परिपाठाला जागा आहे, मधल्या सुट्टीला आहे, तयारीला नाही.

मग तयारी कुठं होते? रात्री भांडी झाल्यावर, एसटीत, रविवारी. आणि हल्ली उशाशी टीईटीचं पुस्तक आहे. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना दोन वर्षांत ती पास व्हायचीय. परीक्षेला माझी ना नाही. पण तीही त्याच रात्रीत बसवायची.

अशैक्षणिक कामांवर आपण भरपूर बोलतो. बोलावंच. कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी कामांना बंदी घालतं. २०२४ मध्ये शासनानं शैक्षणिक कोणतं, अशैक्षणिक कोणतं याची वर्गवारीही केली. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या शाळांमध्ये पूरग्रस्त राहिले, आपण चटया मोजल्या, भाकरीची पाकिटं वाटली. त्याबद्दल कुणाची एक अक्षर तक्रार ऐकली नाही मी, माझीही नाही. पण मतदार यादीच्या कामाचं बघा. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं की हे काम शिक्षकांना शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये, सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापन दिवशी द्यावं. आपण ते आपल्या बाजूचं म्हणून अजून दाखवतो. त्यात फळ्यापुढचा तास वाचला, त्या तासाची तयारी जिथं व्हायची तो वेळ मात्र मोकळा समजून देऊन टाकला. शिकवत नसलेला शिक्षक म्हणजे रिकामा शिक्षक, ही समजूत एकट्या न्यायालयाची नाही, गावाची आहे, साहेबांची आहे, आणि परवा कळलं की आपलीही आहे. २०२७ ची जनगणना येईल तेव्हाही याच मोकळ्या वेळात येईल.

यात टाचणाचा विषय काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि इथं आपलीच चूक कबूल करावी लागते. तयारी म्हटलं की आपण टाचण वही, म्हणजे पाठाच्या नियोजनाची वही, पुढं करतो. ते टाचण कसं होतं हे मी सांगायला नको. गेल्या वर्षीची वही, तारखा बदलायच्या. नाहीतर छापील मिळतंच. लाल शाईत घटक, निळ्यात उद्दिष्टं, हिरवी चौकट. भेटीला येणारे पान उलटून सही करतात. मीही केलंय हे. डिसेंबरात एका रात्रीत सहा आठवड्यांचं टाचण मी लिहून काढलंय आणि मनगट शेकत बसलेय. त्यात सव्वा-साडे कुठं नव्हतं. त्या रात्री कुणी मला विचारलं असतं की उद्या पाचवीला काय करणार, तर मला सांगता आलं नसतं. टाचण साहेबांसाठी, तयारी पोरांसाठी, आणि वेळ एकाचाच निघत असेल तर तो कुणाचा निघतो हे उघड आहे.

माझी भाची शहरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत आहे. तिच्या वेळापत्रकात रोज एक तास मोकळा छापलेला आहे. मला हेवा वाटला. म्हणाली, "आत्या, शिपाई चिठ्ठी घेऊन येतो रोज. कोण ना कोण रजेवर असतंच." पगार सांगितला तो इथं लिहीत नाही. म्हणजे तास नुसता कागदावर असून भागत नाही, तो कुणी हलवू नये याचीही सोय लागते. अंशतः अनुदानित शाळांतल्या बांधवांचं तर विचारूच नका. वीस, चाळीस, साठ टक्के अनुदानाच्या टप्प्यांवर संसार करणारा माणूस संध्याकाळी दुसरं काम करतो. त्याच्यापुढं तयारीचा तास काढला तर तो मला चहा पाजेल आणि विषय बदलेल.

'दोन महिने सुट्टी असते की' म्हणणारे खाली कमेंटला येतीलच. मे महिन्यात मला कसं कळावं, नोव्हेंबरात कोणतं पोरगं कुठं अडणार? आणि हो, मोकळा तास दिला तर काहीजण मोबाइल बघत बसतील. बसतील. ऑफिसात खुर्ची दिली म्हणून प्रत्येकजण काम करतोच असं नाही, म्हणून कुणी खुर्च्या काढून घेतल्या नाहीत.

संघटनेनं मिळवलेलं कमी नाही. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप सात दिवस चालला, मी रोज होते, घोषणा देऊन आवाज बसला होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन नसलेली आहे मी, पेन्शनचं दुखणं मला कुणी समजावायला नको. पण आपली सगळी मागणी नोकरीच्या दोन टोकांची आहे, बदली कुठं आणि पेन्शन किती. मधला जो वर्ग आहे, साडेदहा ते पाच, त्याबद्दल आपण निवेदन देत नाही. आपल्या प्रत्येक भाषणाची सुरुवात शाहू महाराजांपासून होते. १९१७ ला त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेत आलेल्या पोरापुढं शिक्षकानं काय घेऊन उभं राहायचं, हे त्यानंतरचं काम आपलं होतं.

चार शिक्षक आणि सात वर्ग असलेल्या शाळेत रोजचा ऑफ तास मागणं म्हणजे थट्टा, हे मलाही कळतं. माझा ठराव साधा होता, वाचून दाखवायला मिळाला नाही म्हणून इथं लिहिते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास तयारीचा, शाळेतच बसून. त्या दीड तासात बैठक नाही, माहिती नाही, प्रशिक्षणाची लिंक नाही. 'आजच्या आज' बंद, माहिती आठवड्यातून एकाच दिवशी मागायची आणि तीन दिवस आधी सांगायचं, पूर-आपत्ती सोडून. महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र जमतात तिथं, निम्मा वेळ पाचवीवाल्यांनी पाचवीवाल्यांबरोबर, दुसरीवाल्यांनी दुसरीवाल्यांबरोबर बसून पुढच्या घटकाची तयारी करायची. त्या दिवशी पीपीटी नको.

शनिवारची साडेअकराची गाडी चुकणार म्हणून मला शिव्या पडतील हे माहीत आहे. एका मैत्रिणीनं आधीच दिल्यात, तिचं लहान पोर पाळणाघरात असतं, तिचं म्हणणं चूक नाही. तिच्यासाठी आठवड्यातला दुसरा दिवस ठरवता येईल, बोलूया.

पुढची बैठक महिन्याभरात आहे. तोवर एक करा. सोमवार ते शनिवार, सहा दिवस, कुठल्याही वहीच्या मागच्या पानावर लिहा: आज शिकवलं किती वेळ, माहिती भरली किती वेळ, उद्याची तयारी केली किती वेळ आणि ती कुठं बसून केली. नाव नको, शाळेचं नाव नको. पान फाडून आणा, मी एकत्र करते. आणि पावत्यांचा गठ्ठा माझ्याकडं अजून आहे, दशांश अपूर्णांक ज्यांचा सुरू व्हायचाय त्यांनी घेऊन जा, जोड्या लावून ठेवल्यात.