दहाला बंद होणारा स्टुडिओ

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. मामेबहीण पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला दोन दिवस घरी कोल्हापूरला आली होती आणि त्यातला दीड दिवस झोपूनच काढला म्हणे. "अगं पोरगी पार वाळलीये, तीन तीन रात्री जागते म्हणते, तू पण अशीच करायचीस का गं?" मी म्हटलं हो मामी, आम्ही सगळेच करायचो, त्यात काय. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे सांगताना माझ्या आवाजात चक्क अभिमान होता. कॉलेज सोडून आता तीन वर्षं झाली, दुसऱ्या देशात आले, तरी तो अभिमान गेलेला नाहीये. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आर्किटेक्चरच्या पोरांच्यात 'नाइट मारणे' हा शब्द असतो, म्हणजे रात्रभर जागून काम करणं. किती नाइट मारल्या यावर कोण किती सिरीयस हे ठरतं. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी सकाळी अंघोळ न करता, हाताला फेव्हीक्विक चिकटलेलं, सनबोर्ड कापताना कटर लागून बोटाला पट्टी, असा जो येतो तो खरा. आणि जो रात्री अकराला झोपून फ्रेश होऊन येतो त्याच्याकडे सगळे संशयाने बघतात, सर लोकंसुद्धा. आमच्या एका सरांचं तर ठरलेलं वाक्य होतं की झोप येते त्यांनी बी.कॉम. करावं. आम्ही हसायचो, आणि मग बटर पेपरची गुंडाळी उघडून परत बसायचो.

आता मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातला सगळ्यात मोठा धक्का म्हणजे रात्री दहाला आमची बिल्डिंग बंद होते. बंद म्हणजे बंद, मॉडेल अर्धं राहिलंय, प्रिंट निघायचीये, उद्या प्रेझेंटेशन आहे, काहीही असो, पावणेदहाला आवराआवर सुरू आणि दहाला सगळे बाहेर सायकलच्या स्टँडवर. पहिल्यांदा मी इतकी घाबरले होते की काम पुरं कसं होणार, मग रूमवर येऊन पहाटे चारपर्यंत जागले, आणि दुसऱ्या दिवशी ट्यूटरने माझ्याकडे बघून विचारलं की बरं नाहीये का तुला. मला वाटलं होतं ती खूश होईल.

त्यामागे एक साधा हिशोब आहे तो मला नंतर कळला. इथे एक क्रेडिट म्हणजे २८ तास. वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १६८० तास. आणि हे फक्त वर्गात बसायचे तास नाहीत, घरी वाचायचं, मॉडेल करायचं, साइटवर जायचं, सगळं धरून. दहा क्रेडिटचा विषय असेल तर २८० तास आणि आमचं क्वार्टर दहा आठवड्यांचं, म्हणजे त्या विषयाला आठवड्याला २८ तास. एखादं काम तेवढ्यात होण्यासारखं नसेल तर पोरं सरळ तसं म्हणतात, की हे या तासांत बसत नाही, आणि ते ऐकून घेतलं जातं. मला आजही ते बोलायला जमत नाही, जीभच वळत नाही. आपल्याकडेही क्रेडिट आहेत की, पण ते वर्गातल्या तासांचे. घरी जे रात्रभर चालतं त्याचा हिशोब कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे ते कितीही वाढू शकतं, आणि वाढतंच.

इकडे बसून घरच्या बातम्या वाचते तेव्हा हाच मुद्दा दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या चेअरमननी ९० तासांपर्यंत नेलं, आणि दोन्ही वेळेला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नुसता धुरळा. निम्मे जण चिडलेले आणि निम्मे म्हणत होते की ७० तर आपण थर्ड इयरलाच करत होतो, त्यात काय विशेष. एका मित्राने लिहिलं की तू तिकडे गेलीस आता तुला आराम गोड लागणारच. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते.

आराम गोड लागतो हे खरंय. पण त्या ७० तासांत नक्की काय होतं हे कोणी मोजतच नाही, माझं भांडण त्याच्याशी आहे. मी पाच वर्षांत किती तास डिझाइन केलं आणि किती तास सरांच्या केबिनबाहेर शीट घेऊन उभी राहिले, किती तास मोठ्या प्रिंट काढणाऱ्या प्लॉटरवाल्याच्या रांगेत, किती तास अख्खं शीट परत काढलं कारण टायटल ब्लॉक, म्हणजे कोपऱ्यातली नाव-तपशिलाची चौकट, दोन सेंटिमीटर चुकला होता, हे मला आज कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. कष्ट केले हे खरं, पण कशावर केले?

जुनी मोठी उदाहरणं दिली जातात ना नेहमी, की मोठे लोक असेच घडले. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, मूळचे पुण्याचे, मुंबईच्या जे.जे.त शिकले, १९५१ मध्ये पॅरिसला कार्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या ऑफिसात गेले आणि सुरुवातीचे काही महिने बिनपगारी राबले, पुढे २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळालेले पहिले भारतीय झाले. ही गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षापासून सांगितलेली, आणि फुकट इंटर्नशिप करायला लावणाऱ्या ऑफिसांत तर जास्तच सांगतात. पण त्याच गोष्टीतला दुसरा भाग कोणी सांगत नाही की खुद्द कार्बुझिए सकाळी घरी चित्रं काढायचा आणि ऑफिसात दुपारी यायचा. त्याची सकाळ त्याची होती. त्या सकाळीतूनच त्याच्या इमारतींचे रंग आणि आकार आले असं बरेच अभ्यासक मानतात, मग आमच्या सकाळी कुठे गेल्या?

हे फुरसतीचं मला इथे येऊन कळलं, आणि थोडं उशिराच. पुण्यात पाच वर्षं राहून विश्रामबागवाड्यात मी एकदाच नीट गेले, तेही मेझर्ड ड्रॉइंगसाठी, टेप धरून खांबांची मापं घ्यायला. १८०७ सालचा वाडा, त्याच्या चौकात नुसतं बसून ऊन कसं सरकतं ते बघायला कधी वेळच नव्हता, किंवा असा वेळ घालवणं म्हणजे टाइमपास वाटायचं. इथे मात्र रविवारी मोकळी असते, मग ट्रेन पकडून अॅमस्टरडॅमला जाते. आल्डो व्हान आइक या डच आर्किटेक्टने १९४७ ते १९७८ या काळात त्या शहरात सातशेच्या वर खेळाची मैदानं केली, महायुद्धानंतर जिथे जिथे रिकाम्या जागा पडल्या होत्या तिथे, गल्लीच्या कोपऱ्यात, दोन घरांच्या मधल्या फटीत. आता त्यातली फार थोडी उरलीत. काही नाही हो त्यात, वाळूचा एक खड्डा, सिमेंटचे गोल ठोकळे, उलटे टांगून घ्यायला लोखंडी कमानी. पण तिथे बाकावर बसून दोन तास मी पोरांना बघत होते की कोण ठोकळ्याचं दुकान करतंय, कोण त्याला जहाज म्हणतंय, आणि आज्या काठावर बसून गप्पा मारतायत. स्केल, म्हणजे माणसाच्या मापाने जागा किती लहान-मोठी, काय असतं ते मला त्या दोन तासांत जितकं समजलं तितकं थर्ड इयरच्या सगळ्या रात्रींत मिळून नव्हतं समजलं. आणि मला आमच्या गल्लीतला पार आठवला, त्यावर आम्ही अगदी हेच खेळायचो. तो पार मी पाच वर्षांत एकाही शीटवर काढला नव्हता.

आता दुसरी बाजू, कारण इकडचं सगळं गोड असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ही जी माझी झोप आहे ना ती कर्जाची आहे. युरोपबाहेरच्या मुलांना इथे वर्षाची फी वीस हजार युरोच्या आसपास पडते, राहणं खाणं वेगळं, आणि आम्हाला उन्हाळ्याचे महिने सोडले तर आठवड्याला १६ तासच काम करता येतं, तेही मालकाने परमिट काढलं तर. म्हणजे माझ्या बाबांनी घर तारण ठेवलं म्हणून मला रविवारी वाळूच्या खड्ड्याशेजारी बसता येतं. माझ्या वर्गातली बदलापूरची मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती, ती आली नाही. तिच्या घरी तारण ठेवायला घर नव्हतं. त्यामुळे परदेशात जा म्हणजे सगळं ठीक होईल असं मी कोणालाच सांगत नाही.

आणि इथेही पोरं काही मजेत नाहीत. २०२१ मध्ये देशभरातल्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती त्यात निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना मानसिक त्रासाची लक्षणं होती, कोविडचा काळ होता हे धरूनसुद्धा हा आकडा लहान नाही. दहापैकी सहा मार्क मिळाले की पास, म्हणून सहावरच समाधान मानायचं अशी एक सवय इथे आहे, त्यावर इथलेच लोक तक्रार करत असतात. आमच्या शेवटच्या प्रोजेक्टला पाच टप्पे असतात, पी-१ ते पी-५, त्यातल्या पी-२ ला आणि पी-४ ला पुढे जायचं की नाही हे ठरतं, त्या आठवड्यात सगळ्यांचे चेहरे अगदी आपल्या ज्युरीसारखेच असतात.

पण मला सगळ्यात जास्त जाणवतं ते एकटेपण. पुण्यात थीसिसच्या वेळी माझं साइट मॉडेल सहा ज्युनिअर पोरांनी मिळून केलं, कोणी झाडं चिकटवतंय, कोणी कॉन्टूर कापतंय, एकजण नुसता गाणी लावायला होता आणि दर तासाला चहा आणायला. पहाटे पाचला मॉडेल स्कूटरवर मांडीवर धरून आणलं, पाऊस येईल म्हणून माझ्या मित्राने स्वतःचा रेनकोट मॉडेलला घातला आणि स्वतः भिजत गेला. त्याच्या आधी मी दुसऱ्या सीनिअरची झाडं चिकटवली होती, म्हणजे हे एक देणंघेणं चालत आलेलं असतं. इथे असं कोणाला म्हणायची सोयच नाही, प्रत्येकाचे तास प्रत्येकाचे. दहाला सगळे गुडनाइट म्हणून आपापल्या रूमवर जातात, आणि मी पण जाते, वरणभाताचा कुकर लावते आणि भिंतीकडे बघत जेवते.

म्हणून बरेच दिवस मला वाटायचं की नाइट मारणंच बरं होतं, निदान माणसं तरी होती. मग एक गोष्ट आठवली जी मी सोयीने विसरले होते. त्या रात्रींना सगळे नसायचेच. आमच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद व्हायचं, मुलांच्या हॉस्टेलला तसलं काही नव्हतं. म्हणजे आम्हा मुलींनी एकतर घरी खोटं सांगून कोणाच्या तरी फ्लॅटवर राहायचं, नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत, रूममेट झोपलीये म्हणून मोबाइलच्या उजेडात, एकटीने करायचं. मी खोटं सांगायचे. ज्या मुली खोटं सांगू शकत नव्हत्या त्या हळूहळू त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या, आणि ज्युरीत सर म्हणायचे हिचा इन्व्हॉल्व्हमेंट कमी आहे. मुंबईला शेवटची लोकल पकडून जाणाऱ्यांचं पण तेच. तेव्हा आपण ज्याला सगळ्यांची जत्रा म्हणतो ती ज्यांना रात्री बाहेर राहता येतं त्यांचीच होती.

त्यामुळे मला जे वाटतं ते सरळ सांगते. आपल्याकडच्या कॉलेजांनीही स्टुडिओला, म्हणजे डिझाइनचं काम करायच्या हॉलला, रात्री दहाला कुलूप लावावं, मुलांना आणि मुलींना दोघांनाही, आणि दिवसा मात्र तो खरंच उघडा ठेवावा, लेक्चर नसलं तरी, टेबलं मोकळी, एकत्र बसायला. ज्युनिअरांनी झाडं चिकटवायला दुपारी तीनला यावं. आणि प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर वर तास लिहावेत, की याला इतके अपेक्षित आहेत. याला पैसे लागत नाहीत, इमारत लागत नाही, परदेश तर नाहीच नाही.

इथे डेल्फ्टला एक गोष्ट अजून सांगतात. १३ मे २००८ ला आर्किटेक्चरची जुनी तेरा मजली बिल्डिंग जळाली. पाइप फुटून पाणी कॉफीच्या मशीनमध्ये गेलं, शॉर्टसर्किट झालं आणि दिवसभरात सगळं खाक. पोरांची मॉडेलं, ड्रॉइंग्ज गेली, माणूस एकही गेला नाही. आत्ताच्या इमारतीत मॉडेलच्या टेबलांमधून जाताना मला कधी कधी ते आठवतं, आणि मग मी लॅपटॉप बंद करते.

मामेबहिणीला मी एवढंच म्हटलं की तू काही बदलू नकोस, फक्त एक आठवडा लिहून ठेव कशाला किती तास गेले. तिला वाटलं ताई काहीतरी लेक्चर देतेय, पण लिहिलं तिने. काल रात्री दहाला मी बिल्डिंगमधून बाहेर पडले, सायकलचं कुलूप काढत होते तर तिचा मेसेज, म्हणजे तिकडे अडीच वाजलेले. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो होता. प्लॅन नऊ, सेक्शन चार, मॉडेल चौदा, शीट परत काढणं अकरा, प्रिंटची रांग तीन, सरांची वाट बघणं सहा. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, हे सहा कोणाच्या नावावर टाकू?"